किडनी आणि कॅन्सर : बाण कुणाकडून कुणाकडे?

आमच्या दादाची उभी नोकरी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात गेली. आकडे गोळा करण्याचा पगार त्याला सरकार देत होतं. आकड्यांवर संशय घ्यायची सवय मात्र त्याने पदरमोड करून लावून घेतली. आता वय सत्तर, क्रिएटिनिन १.९, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाजे वेग, ३७. दीर्घकालीन किडनीविकाराच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी, आणि तिच्यातलाही खालचा अर्धा भाग. माझी लेक किडनीची डॉक्टर. दोघं समोरासमोर बसले की मी चहा करायला उठत नाही. काहीतरी चुकेल या भीतीने.

या वेळचं निमित्त वहिनीच्या फोनवर आलं होतं. किडनीच्या रुग्णांना कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो, लगेच तपासणी करा, असा मजकूर आणि खाली एका लॅबच्या ‘कॅन्सर पॅकेज’ची जाहिरात. वहिनीने धसका घेऊन नाव नोंदवून टाकलं. लेकीने पॅकेजमधल्या तपासण्यांची यादी वाचली आणि कपाळाला हात लावला.

“यातले निम्मे ट्यूमर मार्कर किडनी खराब असली की तशीही वाढलेले दिसतात. सीईए वाढतो. पोटात पाणी साचलं तर सीए-१२५ वाढतो. मग त्या आकड्याचं कारण शोधायला सीटी स्कॅन, दुर्बीण, बायॉप्सी. काहीही न सापडता माणूस अर्धा होतो.”

दादा खूष झाला. पुतणी आपल्या बाजूची निघाली असं त्याला वाटलं.

“म्हणजे हा सगळा बागुलबुवाच की.”

“पॅकेज बागुलबुवा आहे, काका. धोका खरा आहे.”

“किती खरा? आकडा सांग.”

“१९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मोठा अभ्यास आला. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले डायलिसिसवरचे ८ लाख ३१ हजार ८०४ रुग्ण, सरासरी अडीच वर्षं नजरेखाली. त्यांच्या वयाच्या चारचौघांत जेवढे कॅन्सर होतात त्या हिशेबाने २१,१८५ व्हायला हवे होते. झाले २५,०४४. अठरा टक्के जास्त.”

दादाने वर्तमानपत्राच्या कडेला वजाबाकी केली, मग भागाकार. “जास्तीचे ३,८५९. म्हणजे अडीच वर्षांत हजारी साडेचार-पाच माणसं. अठरा टक्के म्हटलं की छाती दडपते, हजारी पाच म्हटलं की माणूस जेवून झोपतो. आणि हे डायलिसिसवाले. मी अजून तिथे पोचलोही नाही.”

“सरासरी काढून मोकळं व्हायचं, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. त्याच अभ्यासात पस्तिशीच्या आतल्यांचा आकडा ३.६८ पट आहे. आणि नुसत्या किडनीच्या कॅन्सरचा ३.६ पट. पस्तिशीच्या आतल्या पोरांना म्हातारपण लागू होतं का? चाळीस वर्षांची तंबाखू लागू होते का?”

“पस्तिशीच्या आत कॅन्सर मुळात किती जणांना होतो? थोड्याचे पावणेचार पट म्हणजे थोडेच. दुसरं, डायलिसिसवाल्याच्या पोटाची घडोघडी सोनोग्राफी होते. त्याच्या किडनीतली गाठ सापडणारच. शेजारच्या धडधाकट माणसाच्या पोटात डोकावतो कोण?”

हा मुद्दा हटवादाचा नव्हे. शोधाल तितकं सापडतं, ही अशा प्रत्येक अभ्यासाला लागलेली वाळवी आहे, आणि लेकीने ती मान्यही केली. पण शोधण्याने सगळं भागत नाही, असं तिचं म्हणणं. डायलिसिस वर्षानुवर्षं चाललं की आकसून गेलेल्या मूळ किडन्यांत पाण्याच्या गाठी धरतात. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९७७ साली अशा किडन्या उघडून पाहिल्या तेव्हा त्यांतल्या काहींत ट्यूमरही मिळाले. जी किडनी काम करायची थांबली आहे, तीच गाठ धरते. हे सोनोग्राफीने घडवलेलं नाही, सोनोग्राफीने नुसतं दाखवलेलं आहे.

“ठीक. किडनीचा किडनीत. शेजारधर्म समजू शकतो,” दादा म्हणाला. “पण त्या मजकुरात ‘कॅन्सर’ म्हटलंय, सगळा कॅन्सर. माझ्यासारख्या तिसऱ्या पायरीवरच्या माणसाबद्दल काय?”

इथे लेक जरा थांबली, कारण इथे पुरावा दोन तोंडांनी बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या साडेतीन हजारांवर प्रौढांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांच्या बाबतीत ईजीएफआर ५५ च्या खाली उतरला की पुढच्या प्रत्येक दहा अंकांच्या घसरणीला कॅन्सरचा धोका २९ टक्क्यांनी वाढताना दिसला. फुप्फुस आणि मूत्रमार्गाचा विशेष. बायकांत मात्र काहीच वाढ नाही. पाच वर्षांनी कॅलिफोर्नियातून जवळपास १२ लाख लोकांचा हिशेब आला. त्यात किडनीच्या कॅन्सरचा धोका पायरीपायरीने चढत गेला : ईजीएफआर ४५ ते ५९ मध्ये १.३९ पट, ३० ते ४४ मध्ये १.८१ पट, तिसाच्या खाली २.२८ पट. तिसाच्या खाली मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सरही वाढलेला. पण स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मोठं आतडं, यांत काही नाही. सगळे कॅन्सर एकत्र मोजले तरी काही नाही.

“बघ!” दादाने मांडीवर थाप मारली. “साडेतीन हजारांत दिसलं आणि बारा लाखांत विरघळलं. आणि पुरुषांत आहे, बायकांत नाही, हे काय प्रकरण? किडनीला बाई-पुरुष कळत नाही. सिगारेटला कळतं.”

“त्यांनी धूम्रपान हिशेबात धरलं होतं.”

“लोकांनी सांगितलेलं धूम्रपान धरलं होतं. मी सर्व्हे केलेत, बाई. लोक काय सांगतात ते मला विचार. घरातली म्हातारी उंबऱ्यात बसून मिश्री लावत असायची आणि मुलगा आमच्या फॉर्मवर लिहायला सांगायचा, घरात तंबाखू कुणी खात नाही.”

हा दादाचा हुकमी एक्का, आणि मला तो पटतो. वय, तंबाखू, वजन, रक्तदाब, मधुमेह; किडनी खराब करणारी यादी आणि कॅन्सर आणणारी यादी शेजारी शेजारी ठेवली तर निम्मी नावं सामाईक निघतात. एकाच घरात दोघांना खोकला आला म्हणून एकाने दुसऱ्याला दिला असं होत नाही. चुलीचा धूर असू शकतो.

लेकीने त्यावर वाद घातला नाही. तिने दादाची औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. बीपीच्या गोळ्या, सोडियम बायकार्बोनेट, कॅल्शियम, आणि तळाशी एक प्लास्टिकचा डबा. डब्यावर चिठ्ठी नाही, आत तपकिरी भुकटी.

“हे काय?”

“मुतखड्यावरचं चूर्ण. गावाकडून येतं.”

“यात काय काय आहे?”

“जडीबुटी.”

“कोणती?”

दादा गप्प. आयुष्यभर ज्याने मोजमापाशिवाय वाक्य स्वीकारलं नाही, त्याच्या पिशवीत हा डबा. मला हसू आवरलं नाही. वहिनी मात्र उखडली, “आयुर्वेदावर घसरू नकोस हं.”

“काकू, ब्रसेल्समध्ये कुठला आलाय आयुर्वेद? तिथलं सांगते.”

१९९० च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जायच्या. दोन वनस्पतींची चिनी नावं कानाला जवळजवळ सारखी, आणि पुरवठ्यात कुठेतरी एकीच्या जागी दुसरी आली : ॲरिस्टोलोकिया. धडधाकट बायकांच्या किडन्या महिन्यांत आकसू लागल्या. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या नऊ जणींची हकीकत छापली. पुढे संख्या शंभराच्या घरात गेली. मग यांतल्या काही जणींच्या मूत्रमार्गात कॅन्सर दिसू लागला. तेव्हा ज्या रुग्ण आधीच डायलिसिसवर किंवा ट्रान्सप्लांट झालेल्या होत्या, त्यांना डॉक्टरांनी सुचवलं, निकामी झालेल्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढूनच टाकू. एकोणचाळीस जणांनी होकार दिला. काढलेल्या अवयवांची तपासणी झाली तेव्हा अठरांमध्ये कॅन्सर होता, आणखी एकोणिसांच्या अस्तरात पेशी बिघडायला लागलेल्या होत्या. अगदी स्वच्छ निघाले ते दोघांचे. २००० साली हे प्रसिद्ध झालं. ज्यांच्या पोटात एकूण दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त गेलं होतं, त्यांना धोका अधिक होता.

“एकोणचाळीसपैकी अठरा,” दादा हळूच म्हणाला. या वेळी त्याने भागाकार केला नाही.

हीच गोष्ट बाल्कन देशांत त्याआधी कित्येक वर्षं घडत होती, आणि कुणाला कळत नव्हती. डॅन्यूबला मिळणाऱ्या नद्यांच्या काठच्या क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया, रोमानिया, बल्गेरियातल्या काही ठरावीक गावांत, गावातल्याही काही ठरावीक घरांत, लोकांच्या किडन्या उतारवयात निकामी व्हायच्या आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना मूत्रमार्गाचा कॅन्सर व्हायचा. पाणी तपासलं, बुरशी तपासली, रक्तातली नाती तपासली. कारण होतं शेतात. गव्हात ॲरिस्टोलोकियाचं तण माजायचं आणि त्याच्या बिया कापणीत गव्हाबरोबर येऊन पिठात दळल्या जायच्या. रोजची भाकर, रोजचं थोडं विष. ही शंका १९६९ मध्येच एका संशोधकाने मांडली होती, पण तिच्यावर शिक्का बसला २००७ मध्ये, जेव्हा रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएला चिकटलेलं ते विष प्रत्यक्ष सापडलं. डीएनएच्या अक्षरांत ते एक ठरावीक अदलाबदल करून जातं. गाठीत ती अदलाबदल दिसली की बोटाचा ठसा मिळाल्यासारखंच.

“आपल्याकडची ईश्वरी ही त्याच कुळातली,” लेक म्हणाली. “सापाच्या विषावर म्हणून वापरतात. तुमच्या डब्यात ती आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही, एवढीच माझी तक्रार आहे.”

पण दादा तो दादाच. पाच मिनिटांत त्याने डोकं वर काढलं.

“तू तर माझीच बाजू मांडलीस. एका विषाने किडनी मारली आणि त्याच विषाने कॅन्सर आणला. बाण विषाकडून दोघांकडे गेले. किडनीकडून कॅन्सरकडे बाण आहे कुठे?”

“त्या रुग्णांपुरतं बरोबर आहे. फेनासेटिन या वेदनाशामकाचंही तसंच झालं. स्वीडनमध्ये हुस्कव्हार्नाच्या कारखान्यातले कामगार त्याची पूड रोज घ्यायचे. आधी किडन्या गेल्या, मागाहून मूत्रमार्गाचे कॅन्सर आले.”

“मग किडनीवर आरोपपत्र कशाला?”

“कारण सगळे रुग्ण विषाचे नसतात. किडनी निकामी झाली की रक्तातली घाण साचते आणि प्रतिकारशक्ती मंदावते, हे आम्ही रोज पाहतो. कावीळ-बीची साधी लस घ्या. डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रा, चारदा टोचावी लागते. तरी काहींच्या अंगात ती धरत नाही. जे शरीर लसीला ओळखत नाही ते बिघडलेल्या पेशीला कितपत ओळखणार? ऑस्ट्रेलियात २८,८५५ रुग्णांचा माग काढला. डायलिसिस सुरू होण्याआधी कॅन्सरचं प्रमाण १.१६ पट, डायलिसिसवर असताना १.३५, आणि ट्रान्सप्लांटनंतर ३.२७. माणसं तीच.”

“नवीन किडनी बसली, क्रिएटिनिन उतरलं, आणि कॅन्सर वाढला? तुझ्या तर्काने कमी व्हायला हवा.”

“नवीन किडनी टिकवायला प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवतो ना आम्ही. विषाणूंमुळे होणारे कॅन्सर त्यात उसळी मारतात, लिम्फोमासारखे.”

“म्हणजे परत गोळ्या. किडनी सुटली.”

“काका, कोर्टात किडनी सुटेल. पेशंट नाही सुटत.”

दादा निरुत्तर झाला असं मी लिहिणार नाही. तो होत नसतो. पण या वाक्यानंतर वादाचा सूर बदलला. लेक म्हणाली की तिला ओपीडीत छळणारा बाण बहुतेक वेळा उलटाच असतो : कॅन्सरकडून किडनीकडे. गावाकडची पन्नाशीची बाई येते. पाय सुजलेत, ओकाऱ्या होताहेत, क्रिएटिनिन आठ. डायलिसिससाठी पाठवलेली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, कारण खाली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दोन्ही मूत्रवाहिन्या आवळून टाकल्यात. अंगावरून जात होतं, ते पाळी जाण्याचं म्हणून अंगावर काढलं होतं. या कॅन्सरच्या पायऱ्या ठरवताना किडनी फुगलेली दिसली की थेट तिसऱ्या टप्प्यात गणना होते. किंवा पासष्टीचा गृहस्थ येतो. कंबर दुखते, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेलं. कंबरेसाठी गोळ्या खाल्ल्या, त्याने किडनी गेली, असं सगळे धरून चालतात. नीट शोधलं तर मल्टिपल मायलोमा निघतो. हाडं पोखरणारा आणि आपल्या प्रथिनांनी किडनीच्या नळ्या तुंबवणारा रक्ताचा कॅन्सर.

“गर्भाशयमुखाचं तर टाळता येतं,” दादा म्हणाला. “उस्मानाबादचा अभ्यास मला माहीत आहे.”

त्याला माहीत असणारच. गावांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून, १ लाख ३१ हजार बायकांवर उस्मानाबाद जिल्ह्यात झालेली ती चाचणी. टाटा आणि बार्शीचं कॅन्सर रुग्णालय तिच्यात होतं. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये आला. आता पुण्यात बनलेली लसही आहे. तिच्या खोक्यावर ‘किडनी वाचवणारी’ असं कुणी छापत नाही, पण लेकीच्या हिशेबी ती तशीच.

“मग डायलिसिसवरच्या बायकांची ही तपासणी तुम्ही करता?” दादाने विचारलं.

“ट्रान्सप्लांटच्या यादीत असेल तर नक्की. वय लहान असेल, तब्येत बरी असेल तरीही. सरसकट नाही.”

“का नाही?”

“२०१२ मध्ये अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं, ज्या डायलिसिस रुग्णाचं आयुष्य थोडं उरलंय आणि काही लक्षण नाही, त्याची रुटीन कॅन्सर तपासणी करू नका. पंच्याहत्तरीच्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाला तो हळू वाढणारा कॅन्सर गाठायच्या आधी हृदयविकार गाठतो. तपासणीचा फायदा मिळायला वर्षं जावी लागतात. त्रास लगेच.”

मघापासून कॅन्सरचा धोका हसण्यावारी नेणारा दादा इथे चिडला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, असा हिशेब आहे का हा, असं त्याने विचारलं. सरासरीवरून धोका उडवायचा नाही म्हणालीस, मग सरासरीवरून तपासणी तरी कशी उडवतेस? माणसाला विचारता का, की तुम्हीच ठरवता? लेकीचं उत्तर प्रामाणिक होतं : विचारायला हवं, आणि खूप ठिकाणी विचारलं जात नाही. आठवड्यातून तीनदा चार चार तास खुर्चीला खिळलेल्या माणसाशी, तुम्हाला अजून काय काय जाणून घ्यायचंय, हे बोलायला डॉक्टरकडे निवांतपणा नसतो. माझं मत विचाराल तर या एका मुद्द्यावर दादाचं पारडं जड होतं, आणि ते डॉक्टर बाईंनाही दिसलं असावं, कारण त्या विषय बदलून दादाच्याच तपासणीवर आल्या.

पॅकेज नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वेळेवर. वयानुसार इतरांच्या ज्या तपासण्या होतात त्या, किडनीचं निमित्त करून टाळायच्या नाहीत. तंबाखू नाही. डबा जाईल. आणि लघवीत रक्त दिसलं, न दुखता दिसलं, एकदाच दिसून थांबलं तरी दाखवायचं. उन्हाळी लागली म्हणून सब्जा पीत बसायचं नाही.

“आणि समजा निघालाच, तर? मागे एकाला सांगितलं होतं, किडनी खराब आहे, केमो झेपणार नाही.”

“काही औषधं टाळावी लागतात. सिस्प्लॅटिन किडनीला मारक. पण त्याच्या जवळचं कार्बोप्लॅटिन किडनी किती काम करते हे पाहूनच मोजतात. १९८९ पासून सूत्र आहे, कॅल्व्हर्ट नावाच्या माणसाचं. किडनीच्या गाळणीचा वेग अधिक पंचवीस, गुणिले औषधाची रक्तात हवी असलेली पातळी.”

सूत्र म्हटल्यावर दादाने परत वर्तमानपत्र ओढलं. “पातळी किती धरू?”

“पाच धरा.”

“सदतीस अधिक पंचवीस, बासष्ट. पंचे तीनशे दहा. आणि नव्वदवाल्याला?”

“पाचशे पंचाहत्तर मिलिग्रॅम.”

“म्हणजे झेपतं. मोजून दिलं तर झेपतं.” तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत होता. “मग नाही का म्हणाले त्याला?”

“घाबरतात. नव्या औषधांच्या चाचण्यांतून किडनीचे रुग्ण बहुतेक आधीच वगळलेले असतात. मग आमच्यापुढे बसलेल्याला किती द्यायचं, कुणाच्या आधारावर द्यायचं?”

“वगळतात? कुणाला विचारून?” दादाने पेन्सिल खाली ठेवली. “अगं, ज्यांना हे होतं त्यांनाच मोजायचं नाही, तर आकडा येणार कुठून?”

“तेच तर, काका.”